आधी करंट तपासा, मग टाकी उतरवा

गाडी सुरू होत नाही हे कानावर पडल्याबरोबर, हातात टेस्ट लॅम्प न घेता, फ्यूजबॉक्सचं झाकणही न उघडता, "टाकीतली मोटर गेली, नवीन टाकावी लागेल" असं सांगणाऱ्या माणसाला मी मिस्तरी मानत नाही. तो पार्ट विकणारा आहे. पार्ट विकण्यात वाईट काही नाही, पण मग त्याने काउंटर टाकून बसावं. मिस्तरीच्या नावाखाली पिकअपवाल्याच्या खिशात हात घालू नये.

मी पुणे-नाशिक रस्त्यावर गाड्यांचं वायरिंग करतो. माझ्याकडे येतात त्या बहुतेक मालाच्या गाड्या: छोटा हत्ती, पेट्रोल-सीएनजीवरचे लहान पिकअप, डिझेलचे मोठे पिकअप. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नर भागातली कोथिंबीर-मेथी भरून संध्याकाळी निघायचं आणि रात्रीत वाशीच्या मार्केटला माल उतरवायचा, यावर या गाड्यांचे हप्ते फिटतात. भरलेली गाडी रस्त्यात थांबली की मालक मिस्तरी सांगेल ते ऐकतो. तो घासाघीस करत नाही, चार ठिकाणी विचारायला जात नाही. माल उशिरा पोचला तर भाव पडतो आणि दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला तोंड त्यालाच द्यावं लागतं. अशा अडलेल्या माणसाला न तपासता पंप विकणं याला मी अंदाज चुकला असं म्हणणार नाही. ती लूट आहे.

आणि ही लूट उघडी पडत नाही, याचं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पंप बदलताना वायरींचा जुना कपलर काढावा लागतो आणि परत बसवावा लागतो. त्या काढ-घालीत कपलरमधल्या पिनांवरचा गंज खरवडला जातो, सैल पिन थोडी आवळून बसते, करंट पुन्हा वाहू लागतो. गाडी सुरू होते. मिस्तरी म्हणतो, "बघा, पंपच गेला होता." मालकालाही ते पटतं. जुना पंप ठणठणीत असतो आणि तो भंगाराच्या डब्यात जातो. काही आठवड्यांनी पिन पुन्हा सैल होते, गाडी पुन्हा थांबते. मग दुसरा मिस्तरी तिसरा पंप सुचवतो. तिसऱ्या पंपानेही भागलं नाही की ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, बोट जातं. चूक झाकून ठेवणारा असा योगायोग दर वेळी मदतीला येत असेल, तर या धंद्यात सुधारणा होणार कशी?

पंप चालत नाही म्हणजे नेमकं काय, तिथूनच सुरुवात केली पाहिजे. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो. चावी ऑन केली की ईसीएम त्याला साधारण दोन सेकंद चालवतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबवतो. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरत असल्याचा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला, तरच पंप पुन्हा चालू होतो आणि चालू राहतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. अपघातात पाइप फुटला, इंजिन बंद पडलं आणि पंप मात्र चालतच राहिला, तर पेट्रोलचा फवारा गरम सायलेन्सरवर उडेल. म्हणून इंजिन थांबलं की पंपही थांबायलाच हवा.

हे ज्याला माहीत नाही तो चावी ऑन करतो, खाली उतरतो, मागे चालत जातो आणि टाकीला कान लावतो. तोवर ते दोन सेकंद कधीच संपलेले असतात. आवाज येत नाही, पंप गेला! चांगल्या गाडीचाही आवाज त्या वेळी येणार नाही. एकाने केबिनमध्ये बसून चावी फिरवायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी टाकीपाशी कान द्यायचा, एवढी साधी शिस्त पाळायला कोणतंही यंत्र लागत नाही. पहिल्या दोन सेकंदांत गुणगुण आली आणि सेल्फ मारताना मात्र पंप गप्प राहिला, तर पंप, फ्यूज आणि रिले यांच्यावरचा संशय तिथेच बराचसा मिटतो आणि नजर क्रँक सेन्सरकडे जायला हवी. ईसीएमच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग तो पंप चालवेल कशासाठी? अशा गाडीला स्पार्कही मिळत नाही आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बहुधा जागचा हलत नाही. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही, तोही वेगळाच विषय. या खुणा डोळ्यांसमोर असताना टाकीचे बोल्ट खोलणारे मी रोज बघतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार.

त्याही आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघा. काट्यावर विश्वास ठेवू नका. काट्याला माप देणारा फ्लोट पंपाच्याच असेंब्लीवर बसवलेला असतो आणि तो अडकतो. दोन लिटर पेट्रोल ओतून बघण्यात कमीपणा नाही. टाकी खाली उतरवल्यावर ती कोरडी निघाली, यात आहे.

फ्यूजच्या बाबतीत माझा राग जुना आहे. फ्यूज उपटायचा, उजेडात धरायचा आणि "बरोबर आहे" म्हणून परत खोचायचा, याला तपासणी म्हणत नाहीत. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. शिवाय फ्यूज चांगला आणि त्याखालची पकड जळलेली, हेही नेहमीचंच. फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना टेस्ट लॅम्प टेकवा. पंपाला करंट जात असतो त्या दोन सेकंदांत दोन्हीकडे तो सारखा पेटला पाहिजे. एका बाजूला पेटला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेलेला आहे. कोणत्याच बाजूला नाही, तर करंट मागेच अडलाय. आणि फ्यूज उडालेला निघाला, तर तो कशामुळे उडाला हे शोधायलाच हवं. १५ अँपिअरचा निळा फ्यूज दोनदा उडाला म्हणून ३० चा हिरवा बसवणारे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी रस्त्याला लावणारे लोक वायर जाळायची सोय करून देतात. फ्यूज जळायच्या जागी मग केबिनखालची सगळी हार्नेस जळते.

"रिले टक वाजतोय, म्हणजे चांगला आहे," हे वाक्य तर गॅरेजांच्या भिंतीवर लिहून त्यावर फुली मारली पाहिजे. रिलेत दोन वेगळी कामं चालतात. ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल असते. तिला ईसीएम चालवतो आणि टक असा आवाज तिचा असतो. पंपाला जाणारा करंट मात्र ३० मधून येतो आणि ८७ मधून जातो, आतल्या दोन छोट्या टिकल्या एकमेकींना चिकटल्यावर. त्या टिकल्या जळून काळ्या पडल्या, तरी कॉइल टक वाजवतच राहते. बहुतेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो. तो काढून पंपाच्या जागी बसवून बघायला पैसे लागत नाहीत. नंबर जुळतोय का एवढं बघा आणि बदलून पाहा. ज्याने हेसुद्धा केलं नाही, त्याने पंपाबद्दल तोंड उघडू नये.

स्कॅनर आल्यापासून आणखी एक पीक उगवलंय. स्कॅनर लावला, पी०२३० हा कोड आला, स्क्रीनवर फ्यूएल पंप असे शब्द दिसले, की झाली ऑर्डर. अरे, हा कोड सहसा रिलेच्या कॉइलकडच्या सर्किटचा आहे! ईसीएम ज्या वायरने रिले ओढतो त्या वायरीत तुटफूट आहे, शॉर्ट आहे किंवा कॉइल गेली आहे, एवढंच तो सुचवतो. टाकीतल्या मोटरचं आरोग्य त्या कोडला ठाऊक नसतं. कोड म्हणजे तपासणी कुठून सुरू करायची त्याचा पत्ता. तिथे जाऊन मीटर लावायचं काम माणसाचंच राहतं. स्कॅनरसाठी कर्ज काढणाऱ्या दुकानांत साधा टेस्ट लॅम्प सापडत नाही, ही या धंद्याची आजची अवस्था आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. पंपाच्या कपलरवर करंट पोचतो का? मीटर घेणारे थोडे लोक इथपर्यंत येतात आणि इथेच फसतात. ते कपलर काढतात, मोकळ्या पिनांवर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि निकाल देतात: करंट आहे, पंप गेला. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच तार उरली असली, तरी मीटर १२ व्होल्टच दाखवणार. पंप जोडल्यावर तो चार-पाच अँपिअर किंवा त्याहून जास्त मागतो, आणि ती एक तार तेवढा द्यायला असमर्थ ठरते. शेतातल्या ठिबकचंही असंच असतं: फिल्टर पूर्ण चोंदलेला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं. व्हॉल्व्ह उघडल्यावर काटा खाली बसतो. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. तोच पोरगा गॅरेजात आल्यावर हे विसरतो, कारण त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून लोड लावून तपासा. हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब घ्या, ५५ वॅटचं फिलामेंट १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणजे पंपाच्या जवळपास. टाकीच्या तोंडापासून आणि पेट्रोलच्या वाफेपासून लांब, वायर वाढवून, तो बल्ब पंपाच्या कपलरला जोडा. ही सावधगिरी ऐच्छिक नाही. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडली तर पंपही उरणार नाही आणि मिस्तरीही. चावी ऑन करा. बल्ब पांढरा लख्ख पेटला तर वायरिंगने आपलं काम केलंय, आणि आता पंपावर संशय घ्यायला तुम्ही मोकळे आहात. बल्ब पिवळा, मिणमिणता पेटला तर पंप निर्दोष असू शकतो, चोर वायरीत आहे. पेटलाच नाही तर रिले, फ्यूज, ईसीएमचा हुकूम, या दिशेने मागे मागे चालत जा. त्यापुढे मीटर काढा आणि लोड चालू असतानाच मोजा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्ह पिनपर्यंत ०.२ व्होल्टहून जास्त दिसले, तर बॉडी अर्थ खराब आहे. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती दिसली, तर वायर, पिन किंवा रिले शोधा. दोन सेकंदांत हे मोजून होत नाही अशी तक्रार असेल तर रिले काढून ३० आणि ८७ मध्ये फ्यूज असलेली जोडवायर लावा, तपासणीपुरती, आणि काम झालं की काढा.

काढा, हा शब्द मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. कारण ती जोडवायर कायमची ठेवून गाडी मालकाच्या हातात देणारे लोक आहेत, आणि त्यांच्याइतका धोकादायक माणूस या धंद्यात दुसरा नाही. "डायरेक्ट करून दिलाय दादा, आता कधीच बंद पडणार नाही." डायरेक्ट! बॅटरीपासून थेट पंपापर्यंत वायर, मध्ये डॅशबोर्डखाली एक दहा-वीस रुपयांचा स्विच, फ्यूज असला तर असला. गाडी सुरू होते, मालक खूश होतो, त्या मिस्तरीला उस्ताद म्हणतो. आता ही गाडी घाटात उलटली तर ईसीएम पंप थांबवू शकणार नाही. पाइप फुटला असेल तर पंप आख्खी टाकी उपसून रस्त्यावर ओतेल आणि ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला असेल. कंपनीने जे कुलूप जीव वाचवायला घातलं ते तोडून त्याला दुरुस्ती म्हणणाऱ्याला मी उस्ताद म्हणणार नाही, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे असंच म्हणेन. माझ्याकडे डायरेक्ट केलेली गाडी आली तर आधी ती वायर उखडतो, मग बाकीचं काम. त्यावरून भांडण झालं तरी चालेल.

वायरीतला चोर कुठे बसतो याचीही ठरावीक ठिकाणं आहेत. टाकीवरचा कपलर हे पहिलं. पिन सैल झाली की तापते, तापली की प्लास्टिक वितळतं. त्याच वितळलेल्या कपलरवर नवा पंप लावणाऱ्याला लाज वाटायला हवी. दुसरं, चॅसीवरचा अर्थ. आपल्याकडच्या पिकअपच्या चॅसीवर काय काय पडतं ते बघा: ओलं खत, उसाच्या वाफ्यातली माती, पावसाळ्यात चार महिने चिखल. रत्नागिरी-मालवणकडच्या मासळीच्या गाड्यांचं तर विचारू नका, क्रेटमधल्या बर्फाचं खारं पाणी रात्रभर चॅसीवर ठिबकत असतं. त्या अर्थच्या बोल्टखाली हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते. बोल्ट काढून, घासून, परत आवळून, वर ग्रीस लावलं की पंप जिवंत होतो. तिसरं, उंदीर. गोदामाबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी ते कुरतडतात.

आणि चौथं ठिकाण हल्लीच्या काळाची देणगी आहे: जीपीएस. ट्रॅकर लावणारा पोरगा येतो, मोबाइलवरून गाडी बंद करता यावी म्हणून पंपाची वायर कापतो, मध्ये स्वस्तातला कट-ऑफ रिले घालतो, वर काळी टेप गुंडाळतो, आणि निघून जातो. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, कुठे कापलं त्याची नोंद नाही. पुढे तो रिले जळतो किंवा टेप सुटते, आणि भर रस्त्यात गाडी मरते. चोर स्विचचंही तेच. आधीच्या मालकाने सीटखाली लपवलेला स्विच नव्या मालकाला माहीतच नसतो. सेकंडहँड पिकअप आला की मी आधी विचारतो, जीपीएस आहे का, कोणी लावला, वायर कुठे कापली? कंपनीच्या हार्नेसला कात्री लावणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही, आणि त्यांच्या कात्रीचं बिल पंपाच्या नावावर फाटतं.

वायरिंग, रिले, फ्यूज, अर्थ सगळं सरळ निघालं, बल्ब लख्ख पेटला आणि पंप तरी गप्प, तर तो गेलाय. टाकीला खालून रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर तो क्षणभर फिरला, तरीही तो गेलेलाच आहे. आतले कार्बन ब्रश झिजलेत आणि ठोक्याने तात्पुरते टेकलेत. तेव्हा बदला. मी पंप बदलण्याच्या विरुद्ध नाही. पण बदलताना तो का गेला हे सांगितलं नाही तर अर्धंच काम केलं, आणि इथे मला गाडीमालकांशी बोलायचंय, कारण सगळं पाप मिस्तरीच्या माथी मारणंही खोटेपणाचं होईल.

सीएनजीवाल्यांनो, तुमचे पंप तुम्ही मारता. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलाने गार राहतो आणि त्याच पेट्रोलातून त्याला वंगण मिळतं. गॅस स्वस्त म्हणून तुम्ही पेट्रोलचा काटा कायम रिझर्व्हवर ठेवता. बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये गॅसवर गेल्यावर पंपाचा करंट तोडणारा रिले लावलेलाच नसतो. इंजिन गॅस पितं आणि पंप तासन् तास अर्ध्या कोरड्या टाकीत फिरत, तापत राहतो. वर महिनोन्महिने तेच पेट्रोल. २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आता इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. टाकी एक चतुर्थांश तरी भरलेली ठेवा, आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर गाडी चालवा, किट बसवणाऱ्याकडून पंपाच्या करंटची व्यवस्था दाखवून घ्या. एवढं न करता दर वर्षी पंप गेल्याची ओरड केलीत तर माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही.

डिझेलच्या मोठ्या पिकअपचं गणित निराळं आहे. तिथे बहुतेक वेळा पंप बंद पडलेला नसतो, लाइनने हवा धरलेली असते किंवा फिल्टरच्या तळाला पाणी साचलेलं असतं. फिल्टरजवळचा हातपंप दाबून हवा काढा, पाणी सोडा, रेल प्रेशर स्कॅनरवर वाचा. हाय प्रेशर पंप खोलून कॅलिब्रेशनला पाठवायचा खर्च ऐकल्यावर मालकाचे डोळे पांढरे होतात. तो खर्च सुचवण्याआधी एवढं करणं हा किमान धर्म आहे.

हे सगळं वाचून एखादा मिस्तरी म्हणेल, आम्हाला शिकवलं कोणी? हा प्रश्न रास्त आहे. २००५ साली छोटा हत्ती आला तेव्हा त्यात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि पाना-पकडीने सुटणारी दुखणी होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, लहान मालगाड्या पेट्रोल आणि सीएनजीकडे वळल्या, आणि ईसीएम, इमोबिलायझर, टाकीतला पंप हे सगळं गावच्या गॅरेजात येऊन उभं राहिलं. त्यासोबत यायला हवा होता तो वायरिंगचा नकाशा मात्र आला नाही. कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे जाते, पंपाचा रिले कोणता, अर्थ चॅसीवर कुठे आवळलाय, ही माहिती कंपन्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या कपाटात ठेवतात. गाडी मालकाने पूर्ण पैसे मोजून घेतली, हप्ते तो फेडतो, आणि त्या गाडीतल्या वायरीचा नकाशा बघायचा त्याला हक्क नाही, हे कोणत्या न्यायाने?

हे मी एकटाच बोलत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हाच आक्षेप होता. प्रकरण अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनक्षेत्रही धरलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्येच बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणं कायद्याने बंधनकारक केलं. आपल्या रस्त्याकडेच्या वायरमनला मात्र अजूनही कोणाच्या तरी मोबाइलवरून आलेला, अर्धवट कापलेला, वायरीचे रंगही न दिसणारा फोटो बघून काम करावं लागतं. कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलचं पंपाचं सर्किट गाडीच्या पुस्तकात एका पानावर, मराठीत छापावं. एका पानाचा खर्च त्यांना जड नाही.

पण नकाशा नाही म्हणून टेस्ट लॅम्पही वापरायचा नाही, ही पळवाट मी मिस्तरींना देणार नाही. कपलरवर करंट आहे की नाही हे बघायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

आणि मिस्तरींची एक तक्रार मात्र मी जशीच्या तशी मालकांपुढे ठेवतो, कारण ती शंभर टक्के खरी आहे. "तपासायचे पैसे कोण देतो?" नवीन पंपाचे हजारो रुपये मालक मुकाट्याने मोजतो. तासभर चॅसीखाली झोपून, लोड लावून, अर्थ घासून गाडी सुरू करून दिली आणि त्याचे तीनशे मागितले, की तोच मालक म्हणतो, "काहीच तर बदललं नाही, कसले पैसे?" असल्या उत्तरांनीच मिस्तरी पार्ट विकायला शिकला. ज्या कामाला तुम्ही किंमत देत नाही ते काम तुम्हाला मिळणार नाही. दुसऱ्याच्या डोक्याचे आणि हाताचे पैसे बुडवायचे आणि नंतर फसवणुकीची ओरड करायची, हे चालणार नाही.

तेव्हा मालकांनी तपासणीची मजुरी आधी ठरवावी आणि ती द्यावी, गाडीत काही बदललं नाही तरी द्यावी. त्या बदल्यात जॉबकार्डावर आकडे लिहून मागावेत: पंपाच्या कपलरवर लोड असताना किती व्होल्ट, अर्थच्या बाजूला किती गळती, नवा पंप बसवल्यावर तो किती अँपिअर ओढतो, रेलवर प्रेशर किती. पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांत ते तीन-चार बारच्या आसपास असतं. जुना पंप आपल्या ताब्यात घ्यावा आणि त्याचा रेझिस्टन्स दुसऱ्या वायरमनकडून मोजून घ्यावा. मीटरने एखाद-दोन ओम दाखवले तर त्याची वाइंडिंग शाबूत आहे, आणि मग पहिल्या मिस्तरीला जाऊन विचारावं, हा गेला हे तू कशावरून ठरवलंस? त्याच्याकडे आकडा नसेल तर पैसे परत मागावेत. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागायची सोय छोटा हत्तीवर स्वतःचं पोट भरणाऱ्यालाही आहे.